गांधीलमाशीचा सापळा (दोन नगांचा संच): सातेरी पाळणाऱ्यांनी घेण्याआधी वाचावं

नऊ दिवसांनी सापळ्याची बाटली उतरवली, आतलं सगळं जुन्या गाळण्यातून गाळलं आणि पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये पसरलं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काम केल्यामुळे ही सवय हातात बसली आहे. चिमट्यानं एकेक किडा बाजूला काढत गेले आणि वहीत रेघा मारत गेले. गांधीलमाश्या चार. पतंग अकरा. निळ्या आणि घरातल्या माश्या इतक्या, की त्यांची मोजणी सोडून दिली. फुलोरी मधमाश्या सहा. आणि सातेरी, म्हणजे मी पेट्यांमध्ये पाळते त्या देशी मधमाश्या, सदतीस.

त्या सदतीस माझ्याच पेट्यांमधल्या होत्या. काहींच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या अजून तशाच होत्या, गोड पाण्यात भिजून फुगलेल्या. ज्या माश्या वाचवायला मी सातशे एकोणपन्नास रुपये दिले होते, त्याच माश्या मी स्वतःच्या हातानं टांगलेल्या बाटलीत बुडवल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे सगळं लिहिते आहे ते त्यासाठीच. पावसाळा सरला की पुण्यातल्या गच्च्यांवर, मुळशी-वेल्ह्याकडच्या शेतघरांवर मधपेट्या ठेवणारी मंडळी दरवर्षी हाच सापळा शोधतात, आणि विकणाऱ्याच्या पानावर पाचपैकी साडेचार तारे बघून घेऊन मोकळी होतात. मीही तेच केलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच साच्यातला सापळा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. झाकणाचा रंग तेवढा बदलतो, बाकी वस्तू तीच.

आम्ही सहकारनगरला, तळजाईच्या पायथ्याशी राहतो. गच्चीवर सातेरीच्या तीन पेट्या आहेत. पाच वर्षांपूर्वी एकीपासून सुरुवात केली. त्याआधी गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत रीतसर शिकून घेतलं. १९६२ साली सुरू झालेली ही संस्था आपल्या शहरात, शिवाजीनगरच्या इतक्या जवळ आहे, हे अनेक पुणेकरांना ठाऊकच नसतं. ज्यांना पेटी ठेवायची आहे त्यांनी आधी तिथं जावं. जानेवारीपासून टेकडीवरचा गिरिपुष्प फुलतो तेव्हा माझ्या पेट्यांची चंगळ असते. पावसाळ्यात मात्र हाल. शेजारच्या बंगल्याच्या कुंपणावर आईस्क्रीम वेल आहे, तिच्यावर दिवस काढतात. पाऊस ओसरता ओसरता वसाहती अशक्त असतात आणि नेमक्या त्याच वेळी गांधीलमाश्यांची पोळी भरात येतात.

यंदा गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई तुळशीला पाणी घालून खाली आल्या आणि म्हणाल्या, "अगं, मधल्या पेटीवर मोठी गांधीण बसलीये बघ, माश्या आत जायला घाबरतायत." वर जाऊन पाहिलं तर दोन होत्या. एक दारासमोर हवेत थांबल्यासारखी तरंगत होती, दुसरी फळीवर चालत होती. त्याच दुपारी मी सापळा मागवला.

आता वस्तूविषयी. खोक्यात दोन सापळे, दोन पुड्या आणि एक घडी केलेलं पत्रक. सापळा म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची बाटली, वर पिवळं झाकण, बाजूला आत निमुळती होत जाणारी चार नळकांडी. पुडीतली भुकटी पाण्यात विरघळवायची आणि बाटली पेटीपासून दोन-तीन मीटरवर टांगायची. गोड आंबूस वास येतो. किडा आत शिरतो, निमुळत्या भोकातून त्याला परत वाट सापडत नाही, आणि बुडतो. प्लास्टिक बरं आहे, झाकण घट्ट बसतं, दोरी मजबूत. बांधणीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पत्रकापासून सुरू होते. त्यावर एका गांधीलमाशीचं मोठं, सुंदर छायाचित्र आहे: छाती मखमली काळी, तोंड नारिंगी, पोटाच्या टोकाकडे एक नारिंगी पट्टा आणि पायांची टोकं पिवळीधमक, मोजे घातल्यासारखी. खाली लिहिलंय, ‘मधमाश्यांची शत्रू क्रमांक एक’. ही आहे वेस्पा व्हेलुटिना, पिवळ्या पायांची आशियाई गांधील. युरोपातल्या मधपाळांची तिनं झोप उडवली आहे हे खरं. २००४ च्या सुमारास चीनहून आलेल्या मातीच्या भांड्यांच्या मालातून ती फ्रान्सच्या नैऋत्य भागात उतरली असं मानतात, आणि तिथून शेजारच्या देशांत पसरत गेली. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पहिलं पोळं सापडलं, २०२३ मध्ये ती अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात दिसली. आपल्या देशातही ती आहे, पण हिमालयाच्या पट्ट्यात आणि ईशान्येकडे. सहकारनगरच्या गच्चीवर येणारी ती नव्हे. ज्या शत्रूचा फोटो छापून हा माल पुण्यात विकला जातो, तो शत्रू पुण्यात नाही. युरोपात खपणाऱ्या मालाचं पत्रक जसंच्या तसं इथल्या खोक्यात टाकलंय, आणि इथल्या ग्राहकाला आपल्या दारात नक्की कोण आलंय हे ओळखायला त्याची कणभर मदत होत नाही.

दुसरा गोंधळ व्हॉट्सॲपनं घातला आहे. २०२० मध्ये ‘खुनी गांधील’ म्हणून जो व्हिडिओ घरोघर फिरला, ती वेस्पा मॅन्डरिनिया, जगातली सगळ्यात मोठी गांधील. २०१९ मध्ये ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आणि कॅनडात सापडली, तिची पोळी शोधून नष्ट केली गेली, आणि २०२४ च्या डिसेंबरात ती अमेरिकेतून निपटल्याचं जाहीर झालं. मॅन्डरिनियाचा जथा मधमाश्यांच्या पेटीवर तुटून पडला तर काही तासांत हजारो माश्यांची मुंडकी उडवू शकतो, हेही खरं आहे. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी साध्या कुंभारमाशीचा फोटो टाकून ‘खुनी गांधील पुण्यात’ असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पेस्ट कंट्रोलवाला दारात. त्यानं खिडकीच्या चौकटीतली मातीची घरटी तर खरवडलीच, वर गच्चीच्या कठड्यावरही फवारणी करायला निघाला होता. मी पेट्यांसमोर उभी राहिले म्हणून टळलं.

मराठीत आपण कंबर बारीक असलेल्या, चावऱ्या दिसणाऱ्या प्रत्येक माशीला गांधीलमाशी म्हणतो. तेवढ्या एका शब्दावर सापळा विकत घेता येतो, पण पेटी वाचवता येत नाही. म्हणून ओळखीचं थोडं सविस्तर सांगते.

खिडकीच्या कोपऱ्यात, जिन्याखाली कागदासारखं करडं, उघडं पोळं करणाऱ्या छोट्या तपकिरी माश्या पुण्यात घरोघर असतात. त्या रोपालिडिया. पिवळ्या, सडपातळ, उडताना लांब पाय खाली लोंबकळत ठेवणाऱ्या त्या पोलिस्टिस. या दोन्ही अळ्या पकडून पिल्लांना भरवतात. माझ्या गच्चीतल्या लिंबावरच्या अळ्या त्याच आवरतात. मधपेटीला त्यांच्यापासून मला आजवर त्रास झालेला नाही. मातीचं मडकं करते ती कुंभारमाशी एकटी राहते. वाशांना भोकं पाडणारा काळानिळा भुंगा ही तर मधमाशीचीच जातभाई. या सगळ्या सोडल्या की उरतात त्या खऱ्या अर्थानं मोठ्या गांधीलमाश्या, वेस्पा कुळातल्या. पहिली खूण आकार. दहा रुपयांचं नाणं सत्तावीस मिलिमीटरचं असतं. मेलेली माशी त्यावर ठेवून बघा. सातेरी जेमतेम दहा-अकरा मिलिमीटरची, म्हणजे नाण्याच्या अर्ध्यापर्यंतही पोचत नाही. मोठी गांधील जवळजवळ सगळं नाणं व्यापते. दुसरी खूण डोकं: डोळ्यांच्या मागे ते रुंद आणि भरीव असतं, पोलिस्टिससारखं चिमुकलं नाही.

माझ्या पेट्यांवर दोन जाती येतात.

एक तांबूस-तपकिरी, विटकरी रंगाची. तोंड पिवळं, आणि पोटाच्या मध्यापासून खाली एक रुंद पिवळा पट्टा. ही वेस्पा ओरिएंटॅलिस. भूमध्य समुद्राच्या काठापासून आपल्यापर्यंत पसरलेली. जमिनीतल्या बिळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत पोळं करते. रसवंतीच्या चोथ्यावर, मिठाईच्या आणि मासळीच्या दुकानांत घोटाळते. भर उन्हात, बाकीचे किडे सावली शोधतात तेव्हा हिचं काम जोरात असतं. तिच्या त्या पिवळ्या पट्ट्यातलं झँथोप्टेरिन नावाचं रंगद्रव्य सूर्यप्रकाश शोषून त्यापासून वीज निर्माण व्हायला मदत करतं, असं इस्रायल आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं. हे वाचल्यापासून मी दुपारी एकच्या उन्हात पेटीसमोर तिला बघते तेव्हा राग येतो आणि आदरही वाटतो.

दुसरी काळपट. पोटाच्या वरच्या भागात एक रुंद पिवळा-नारिंगी पट्टा, त्याखाली शेवटपर्यंत काळी. पंखही गडद. ही वेस्पा ट्रॉपिका. हिच्यासारखीच दिसणारी, आकारानं जरा लहान अशी वेस्पा अफिनिस नावाची जात आहे; तिचा रंग पोटाच्या पहिल्या दोन्ही खंडांवर असतो, ट्रॉपिकाचा दुसऱ्यावर. हे उडत्या माशीवर दिसत नाही, मेलेली हातात घेऊनच बघावं लागतं. ट्रॉपिकाचं खरं लक्ष्य आपल्या खिडकीतल्या त्या कागदी पोळ्यांमधल्या अळ्या. रोपालिडियाच्या पोळ्यावर ती आली की त्या माश्या पोळं सोडून बाजूला होतात आणि ती अळ्या उपसून नेते. सातेरीची पेटी तिला दुसरं ताट.

फोनवरच्या ओळख ॲपमध्ये मी तीन फोटो टाकले. यंत्रानं कूळ बरोबर सांगितलं आणि जात चुकवली, पण तिथल्या दोन जाणकारांनी दिवसभरात दुरुस्त करून दिली. फोटो टाकणार असाल तर पाठ, तोंड आणि कडेनं पाय असे तीन काढा. नुसत्या पाठीच्या फोटोवर अर्धी माहिती जाते.

ओळखीचा उपयोग काय, असं माझ्या यजमानांनी विचारलं. उपयोग हा, की दोघींची शिकारीची पद्धत माझ्या पेट्यांवर वेगळी दिसली. ओरिएंटॅलिस दारासमोर हातभर अंतरावर हवेत टेहळणी करते आणि पराग-मकरंद घेऊन थकून परत येणाऱ्या माशीला वरच्या वर उचलते. फांदीवर जाऊन बसते, डोकं, पंख, पाय, पोट कातरून टाकते आणि छातीचा स्नायूंनी भरलेला तुकडा तेवढा पिल्लांसाठी नेते. ट्रॉपिका सरळ फळीवर उतरते आणि दाराशी उभ्या पहारेकरी माशीवर झडप घालते. एकीसाठी दाराबाहेरची मोकळी जागा सांभाळायला हवी, दुसरीसाठी दार. गोड पाण्याची बाटली यातलं काहीच सांभाळत नाही.

सातेरी काही हातावर हात ठेवून बसत नाही. ती या शत्रूबरोबरच वाढलेली जात आहे. गांधील जवळ आली की फळीवरच्या माश्या एकत्र गोळा होऊन एका लयीत अंग थरथरवतात. कुणीतरी मांजरपाटाचा कपडा झटकावा तसा आवाज येतो. तरीही एखादी फळीवर उतरलीच, तर एका क्षणात पंचवीस-तीस माश्या तिच्यावर झेपावतात आणि लिंबाएवढा गोळा होतो. नांगी मारत नाहीत. छातीचे स्नायू थरथरवून तापतात. जपानमध्ये तिथल्या सातेरीच्या बहिणीचा असा गोळा संशोधकांनी मोजला, तेव्हा आतलं तापमान ४६-४७ अंशांपर्यंत गेलं होतं. गांधील त्या उष्णतेत आणि कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये मरते. मधमाशी त्याहून दोन-तीन अंश अधिक सोसते. तेवढ्या दोन-तीन अंशांवर सगळा खेळ. हा गोळा मी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्या पेटीवर पाहिला. वीस मिनिटं मी हलले नाही. गोळा सुटला तेव्हा फळीवर मेलेली ट्रॉपिका होती, आणि शेजारी तीन सातेरीही.

परदेशी मेलिफेरा माशी, जी आपल्याकडे १९६० च्या दशकात आणली गेली, तिला हा डाव एवढा चांगला साधत नाही. शेतात परागीभवनासाठी मेलिफेराच्या पेट्या ठेवणाऱ्यांना गांधील अधिक महागात पडते ती त्यामुळे.

पण सातेरीची एक दुखरी बाजू आहे, आणि सापळा विकणारे तिचा उल्लेख करत नाहीत. गांधील रोज किती माश्या नेते हा हिशोब दुय्यम आहे. ती दारासमोर उभी राहिली की माश्या बाहेर पडायचंच थांबवतात. मकरंद येत नाही, पराग येत नाही, साठवलेला मध संपत जातो, राणी अंडी घालायची कमी होते. असं दहा-पंधरा दिवस चाललं की सातेरी निर्णय घेते: पेटी सोडून निघून जाते. पिल्लं असतील तर ती मोठी होण्याची वाट बघते, आणि एका सकाळी पेटी रिकामी. तीन वर्षांपूर्वी माझी पहिली वसाहत अशीच उठून गेली. चौकटीत मूठभर मेण, एक-दोन मुंग्या आणि शांतता. म्हणून मधपेटीसाठीच्या कुठल्याही उपायाला माझा एकच प्रश्न आहे: यामुळे माश्यांचं जाणं-येणं सुरू राहतं का?

या सापळ्यानं नाही राहिलं. उलट बिघडलं. पत्रकात लिहिल्याप्रमाणे पेटीपासून तीन मीटरवर टांगला, तर गोड वासानं आधी कधी गच्चीकडे न फिरकणाऱ्या गांधीलमाश्याही येऊ लागल्या. बाटलीवर घिरट्या घालायच्या आणि तिथून त्यांचं लक्ष पेटीकडे जायचं. मी रोज सकाळी साडेआठ ते नऊ पेटीसमोर बसून मोजत होते. सापळा लावण्याआधीच्या आठवड्यात अर्ध्या तासात सरासरी पाच-सहा फेऱ्या. लावल्यानंतरच्या आठवड्यात नऊ ते बारा. हंगाम चढत होता हेही कारण असेल, म्हणून आठ दिवस दोन्ही बाटल्या उतरवून ठेवल्या. फेऱ्या परत सात-आठवर आल्या.

मग पुडी फेकून स्वतःचं मिश्रण केलं: अननसाच्या सालीचं आंबवलेलं पाणी आणि दोन चमचे व्हिनेगर. आंबलेल्या, दारूचा वास असलेल्या पाण्याकडे मधमाश्या सहसा जात नाहीत. हे युरोपातले मधपाळ वापरतातच, आणि इथंही फरक पडला: पुढच्या नऊ दिवसांत सातेरी फक्त तीन मेल्या. गांधील मिळाल्या पाच. त्या भिंगाखाली घेऊन शृंगिकांचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशांचे, खंड मोजले. मादीला बारा असतात, नराला तेरा. पाचातल्या दोन नर निघाल्या. नर शिकारीला येत नाही, त्याला नांगीही नसते. म्हणजे कामाच्या तीन. भरात आलेल्या पोळ्यात शेकडो कामकरी असतात. तीन कमी झाल्या काय आणि न झाल्या काय.

विक्रेत्याला मी फोटोंसकट लिहिलं. पत्रकातली जात इथली नाही, तुमच्या पुडीत मधमाश्या मरतायत, किमान मधपेटीजवळ लावू नका असं तरी छापा. दोन दिवसांनी उत्तर आलं की, मॅडम, आमचं उत्पादन सर्व प्रकारच्या उडणाऱ्या कीटकांवर प्रभावी आहे. हेच तर मी सांगत होते. न वापरलेली पुडी आणि दुसरा सापळा परत घ्यायला त्यांनी नकार दिला, कारण खोकं फोडलं होतं.

आता ज्यानं काम झालं ते.

फ्रान्समधले मधपाळ पेटीच्या दारासमोर जाळीचा छोटा पिंजरा लावतात आणि त्याला मुसकं म्हणतात. मळणीच्या वेळी बैलाला घालतात ते मुसकं. एका शनिवारी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. तिथल्या एका जुन्या जाळीच्या दुकानात पाव इंची वेल्डेड जाळी मागितली. दुकानातले वयस्कर भाई विचारू लागले, "बेटा, पक्ष्यांसाठी का उंदरांसाठी?" मधमाश्यांसाठी म्हटल्यावर त्यांनी तीन वेगवेगळ्या तारांचे तुकडे काढून काउंटरवर ठेवले. पाव इंच म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या जवळ. पण तारेची जाडी वजा केली की आतलं भोक उरतं साडेपाचच्या आसपास. बारीक तारेची घेतली तर भोक मोठं पडतं. मी पर्समधून डबी काढली, त्यात मेलेली ओरिएंटॅलिस होती. त्यांनी ती चिमटीत धरून एकेका तुकड्यात घालून पाहिली. जिच्यात छाती अडकली तो तुकडा पुढे सरकवला आणि म्हणाले, "हीच घ्या." अशी खरेदी ऑनलाइन होत नाही. चार फूट जाळी, कापून, कडा घासून, दोनशे चाळीस रुपये. तीन पेट्यांना पुरली.

पेटीच्या दारासमोर वीतभर खोल, दाराच्या दुप्पट रुंद असा पिंजरा वाकवून बांधला. खोली महत्त्वाची आहे. नुसती जाळी दाराला चिकटवली तर गांधील तिच्यावरच बसून राहते आणि माशी बाहेर पाऊल टाकताच पकडते. वीतभर अंतर असलं की ओरिएंटॅलिसची टेहळणीची जागा दारापासून लांब ढकलली जाते, आणि ट्रॉपिकाला फळी गाठताच येत नाही. माश्या कुठल्याही भोकातून निघतात. एका दारावर पहारा करणाऱ्या शत्रूला एकदम शंभर दारं सांभाळावी लागतात.

पहिला दीड दिवस वाईट गेला. परत येणाऱ्या माश्या जाळीवर आपटत होत्या, बाहेर पुंजक्यांनी बसत होत्या. पिंजरा संध्याकाळी काळोख पडल्यावर बांधावा, म्हणजे सकाळी निघतानाच त्या नवी वाट शिकतात. मी दुपारी बांधला ती माझी चूक. तिसऱ्या दिवशी मात्र पायांवर पिवळेधमक गोळे घेऊन सरळ भोकातून आत शिरताना पाहिलं आणि सासूबाईंना हाक मारून वर बोलावलं. गांधीलमाश्या अजूनही येतात. जाळीवर चालतात, डोकं घालून बघतात, निघून जातात. सकाळच्या अर्ध्या तासात फेऱ्या चार-पाच असतात, पण उचलून नेलेली माशी ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मला फक्त दोनदा दिसली. वसाहती तिन्ही जागेवर आहेत.

मुसक्याचे तोटेही आहेत. मेलेल्या माश्या ओढून बाहेर टाकणाऱ्या कामकरी जाळीपाशी अडतात, त्यामुळे आत कचरा साठतो. दर दोन-तीन दिवसांनी खालचा भाग उघडून ब्रशनं झाडावा लागतो. नाही झाडला तर मुंग्या येतात. लठ्ठ नरमाश्यांना बाहेर पडायला वेळ लागतो. आणि मेलिफेराची पेटी असेल तर माझं माप डोळे झाकून घेऊ नका. ती माशी मोठी, तिच्या मापानं तपासून घ्या.

डास मारायची विजेची बॅट काहीजण वापरतात. एकट्यादुकट्या गांधीलवर ती चालते, पण दाराच्या जवळ फिरवली तर आपल्याच माश्या जळतात, आणि चिडलेली गांधील पुन्हा पुन्हा डंख मारू शकते, मधमाशीसारखी एकदाच नाही. घरात कुणाला डंखानंतर श्वास लागणं, ओठ-चेहरा सुजणं असं कधी झालं असेल तर त्यांनी पेटीसमोर उभं राहूच नये, आणि तसं झालं तर घरगुती लेप लावत न बसता थेट दवाखाना गाठावा.

सापळ्याला मी पाचपैकी एक तारा दिला आहे, तोही प्लास्टिकच्या मजबुतीसाठी. ज्यांच्याकडे मधपेटी नाही, मिठाईचं किंवा फळांचं दुकान आहे आणि आजूबाजूला माश्यांचा त्रास आहे, त्यांनी व्हिनेगर घालून वापरून पाहावा. तिथं कदाचित उपयोग होईल. मधपेटी असणाऱ्यानं हे साडेसातशे रुपये जाळीवर घालावेत, आणि जाळी घ्यायला जाताना मेलेली गांधील डबीत घेऊन जावं.

मधल्या पेटीच्या पिंजऱ्याचा डावा कोपरा परवाच्या वाऱ्यानं उचकटला आहे. तेवढा उद्या अंधार पडल्यावर तारेनं आवळून घेणार आहे.